गाड्यांचा नाद: मराठवाड्यात जुन्या इंजिनांचा माग कसा काढायचा

माझे मामा पूर्णेला रेल्वे कॉलनीत राहायचे. दिवाळीच्या सुट्टीत ते मला पहाटे उठवायचे, अंगावर शाल टाकायचे आणि अंगणात नेऊन म्हणायचे, "गप. ऐक आता." लांब यार्डात एखादं इंजिन वाफ धरून उभं असायचं. जरा वेळानं पहिला ठोका पडायचा, मग दुसरा, मग तिसरा. मामा डोळे मिटूनच सांगायचे, "वायजी हाय. मालगाडी घेऊन निघायलंय. मागं वजन लई हाय." गाडी दिसायच्या आधीच त्यांना सगळं कळलेलं असायचं. हे १९८३ च्या आसपासचं. मी तेव्हा दुसरीत होतो आणि त्या अंगणातच मला हा नाद लागला.

आपल्या भाषेत आवाजालाही नाद म्हणतात आणि वेडालाही नादच म्हणतात. गाड्यांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकच होतात, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं मत आहे. हा नाद कुणी शिकवून येत नाही. ज्याला तो आहे त्याच्या शेजारी उभं राहिलं की तो लागतो. आपल्याकडं अशी माणसं पुष्कळ आहेत, पण सुरुवात कुठून करायची ते बऱ्याच जणांना कळत नाही. वाफेची इंजिनं तर कधीच गेली, मग आता बघायचं तरी काय, असं ते विचारतात. त्यांच्यासाठी, आणि भोंगा ऐकला की खिडकीकडं पळणारं लेकरू ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी, हा लेख आहे.

आधी कान तयार करा

कॅमेरा, दुर्बीण, ॲप यातलं काहीही घेण्याआधी पंधरा दिवस फक्त ऐका. स्टेशनवर किंवा फाटकापासून सुरक्षित अंतरावर उभे राहा, गाडी दिसायच्या आत डोळे मिटा आणि इंजिन कुठल्या जातीचं ते ओळखायचा प्रयत्न करा.

विजेच्या इंजिनाला स्वतःचा असा धडधडाट नसतो. पंख्यांची घुरघुर, मोटारींचा चढत जाणारा सूर आणि चाकांचा आवाज, एवढंच कानावर येतं. डिझेलमध्ये मात्र दोन घराणी आहेत आणि त्यांच्यातला फरक ओळखता येणं ही या छंदाची पहिली पायरी.

जुनं घराणं अल्कोचं. अमेरिकेतल्या स्केनेक्टडी गावच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीच्या आराखड्यावरून ही इंजिनं आली. डब्ल्यूडीएम-२ जातीची पहिली इंजिनं १९६२ मध्ये जहाजानं आली आणि १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. ताकद २६०० अश्वशक्ती, सिलिंडर सोळा. मूळ कंपनीनं १९६९ मध्ये इंजिनं बनवणं बंद केलं, तरी आपल्याकडं तिच्या वंशातली इंजिनं पुढं कितीतरी वर्षं बनत राहिली. त्यांचा आवाज तुटक असतो, दमदार पावलं टाकत पैलवान आखाड्यात उतरावा तसा. ड्रायव्हरनं खटका पुढं टाकला की टपावरून काळ्या धुराचा लोट उठतो. त्याचं कारण असं: इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, म्हणजे टर्बोचार्जर, बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावरच फिरतो. डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला काही क्षण लागतात, तोवर हवा कमी पडते आणि इंधन अर्धवट जळतं.

दुसरं घराणं ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं, म्हणजे डब्ल्यूडीपी-४ आणि डब्ल्यूडीजी-४ वगैरे. ही दोन फेऱ्यांची, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिनं आहेत. त्यांचा टर्बो कमी वेगात गिअरवर फिरतो, त्यामुळं धूर फार येत नाही आणि आवाजात सलग गुणगुण असते. उभं असतानाही हे इंजिन जमिनीतून जाणवतं. स्टेशनच्या बाकड्यावर तळहात टेकवून बघा.

मनमाड ते नांदेड मार्गावर आता विजेच्या तारा आल्या आहेत. जालना–मुंबई वंदे भारत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत आली. लेकरांना ती पांढरी गाडी फार आवडते आणि मलाही तिचं कौतुक आहे. पण याचा अर्थ असाही होतो की अल्कोचा आवाज आपल्या भागात आता क्वचितच कानावर पडणार. तो कुठं ऐकू आला तर हातातलं काम टाकून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. फोटो पुष्कळ जण काढतात, आवाज जपणारे कमी असतात.

इंजिनाच्या अंगावरची अक्षरं

कान थोडा तयार झाला की डोळ्यांकडं वळा. इंजिनाच्या कुशीवर लिहिलेली अक्षरं म्हणजे त्याचं नाव-गाव-कूळ. पहिलं अक्षर रुळांची रुंदी सांगतं: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज आणि एन म्हणजे दोन फुटी. दुसरं अक्षर ताकद कशाची ते सांगतं: डी डिझेल, ए एसी वीज. तिसरं काम सांगतं: पी प्रवासी, जी माल, एम दोन्ही, एस शंटिंग, म्हणजे यार्डात डबे हलवणं-जोडणं. म्हणजे डब्ल्यूएपी-७ म्हणजे ब्रॉडगेजवरचं, एसी विजेचं, प्रवासी गाडीचं इंजिन. वाफेच्या इंजिनांना दुसरं ताकदीचं अक्षर नसायचं, म्हणून वायपी म्हणजे मीटरगेजचं प्रवासी आणि वायजी म्हणजे मीटरगेजचं मालाचं. माझ्या मामांची वायजी ती हीच.

त्याखाली क्रमांक आणि इंजिनाच्या शेडचं नाव असतं. शेड म्हणजे इंजिनाचं माहेर, दुरुस्तीला ते तिथंच परततं. प्रवासी डब्यांवरचे पहिले दोन आकडे बहुधा डबा बनल्याचं वर्ष असतं. हे मुलांना एकदा सांगून बघा, पुढच्या प्रवासात ती सगळी गाडी पालथी घालतील.

एक साधी वही करा. तारीख, वेळ, ठिकाण, गाडी, इंजिनाची जात, क्रमांक, शेड, आणि शेवटी एक मोकळी ओळ. त्या ओळीत काय दिसलं, काय वाटलं ते लिहायचं. माझ्या वहीतली सगळ्यात मोलाची नोंद अशी आहे: "सेलू, संध्याकाळ. ड्रायव्हरनं हात केला." इंजिनाचा क्रमांक तेव्हा टिपायचा राहूनच गेला होता.

वेग काढायचा खेळही याच वहीत करता येतो. हल्लीचा एलएचबी डबा साधारण २४ मीटर लांब असतो. बावीस डबे आणि इंजिन धरलं तर गाडी जवळपास ५५० मीटर होते. इंजिनाचं नाक खांबापाशी आल्यापासून शेवटचा डबा जाईपर्यंत २५ सेकंद लागले, तर सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७९ किलोमीटर. गाडीत बसलेले असाल तर किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये किती सेकंद लागले ते मोजा आणि ३६०० ला त्या आकड्यानं भागा. आमच्या शाळेत भागाकाराला घाबरणारी दोन मुलं या खेळामुळं त्यात तरबेज झाली.

आपले रूळ कुठून आले

एवढा इतिहास माहीत असला म्हणजे बघताना मजा वाढते. मनमाडपासून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादेकडं जाणारा मार्ग १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावानं मीटरगेजवर सुरू झाला. पुढं तो निजामाच्या सरकारी रेल्वेचा भाग झाला, १९५१ मध्ये मध्य रेल्वेत आला आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली तेव्हा तिच्यात गेला. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर टप्प्याटप्प्यानं इथलं मीटरगेज उखडून ब्रॉडगेज झालं. त्याआधी मनमाडला दोन रुंदीचे रूळ एकत्र यायचे. प्रवाशांना गाडी बदलावी लागायची आणि माल एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, दुसऱ्या वाघिणीत भरावा लागायचा. अजिंठा एक्स्प्रेस ही त्या मीटरगेजची शान होती. पूर्णेहून अकोला, खंडवा करत थेट राजस्थानपर्यंत मीटरगेज जोडलेलं होतं आणि जयपूरकडची मीनाक्षी एक्स्प्रेस त्याच वाटेनं धावायची.

लातूर-धाराशिवकडची कथा वेगळी आहे, आणि माझ्या मते ती जास्त देखणी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्यानं अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. कॅलथ्रॉपचं डोकं एका गोष्टीत होतं: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिन असो, डबा असो की वाघीण, नियम सगळ्यांना सारखा. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचे हलके रूळही पुरतात आणि रेल्वे स्वस्तात बांधून होते. ३० पौंडी रूळ म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात. बार्शीच्या या रेल्वेसाठी लीड्सच्या किटसन कंपनीनं आठ चालक चाकांची, पाण्याची टाकी अंगावरच असलेली इंजिनं बनवून दिली. इथं मिळालेला अनुभव घेऊन कॅलथ्रॉपनं पुढं १९०४ मध्ये इंग्लंडातली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे बांधली. म्हणजे आपल्या काळ्या मातीवर जे आधी वापरून पाहिलं, ते नंतर तिकडं गेलं. लातूरच्या पोरांनी हे अभिमानानं सांगावं.

कुठं उभं राहायचं

दौलताबाद स्टेशनपासून सुरुवात करा. गाडीतूनही देवगिरीचा किल्ला दिसतो, आणि पावसाळा सरता सरता डोंगर हिरवा असताना त्या पार्श्वभूमीवर गाडी येताना बघणं हे मराठवाड्यातलं सगळ्यात सुंदर रेल्वेदृश्य आहे, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. मनमाडच्या जवळ अनकाई-टनकाईच्या जोडकिल्ल्यांच्या पायथ्यालाही असंच दृश्य मिळतं, पण तो भाग नाशिक जिल्ह्यात येतो.

परभणी-परळी मार्गावर गंगाखेडजवळ गोदावरीचा पूल आहे. पुलावर जायचं नाही. नदीकाठानं लांबून बघायचं. गाडी पुलावर चढली की तिच्या आवाजाचा पोत बदलतो, आणि तो बदल ऐकण्यासाठीच तिथं जायचं. परळीला औष्णिक वीज केंद्रामुळं कोळशाच्या लांबलचक मालगाड्या बघायला मिळतात. पूर्णा हे तर रेल्वेचंच गाव. तिथं चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलात तरी एखादा जुना माणूस आपणहून बोलायला लागतो.

लातूरला दोन काळ शेजारी-शेजारी बघता येतात. नॅरोगेजचं स्टेशन गावात होतं, ब्रॉडगेजचं वेगळ्या जागी झालं, आणि आता शहराबाहेर रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन गाडी याच लातूरला आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होतं. त्या दिवशी स्टेशनात जमलेल्या लोकांनी गाडीकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर कुठल्याच छंदात मावणारी नव्हती.

बीडच्या वाचकांसाठी खास सांगतो. अहिल्यानगर ते बीड गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी सुरू झाली. तिथं आज जे काही घडतंय ते सगळं पहिल्यांदा घडतंय. आजी-आजोबांना त्या गाडीत बसवा आणि ते काय बोलतात ते लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणीतरी ते शोधत येईल.

जिथं अजून एकेरी रूळ आहेत तिथली लहान स्टेशनं निवडा. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला तिथं गाडी थांबते, त्याला आपण क्रॉसिंग म्हणतो. प्रवाशांना त्या थांबण्याचा वैताग येतो. आपल्याला मात्र उभं इंजिन शांतपणे न्याहाळता येतं आणि पाठोपाठ दुसरी गाडी भरधाव जाताना दिसते, तीही दहा रुपयांच्या प्लॅटफॉर्म तिकिटात. तिकीट दोन तास चालतं.

वेळेबद्दल थोडक्यात. गाडी कुठं आहे ते रेल्वेच्या अधिकृत एनटीईएस ॲपवर किंवा १३९ वर कळतं. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. चैत्र-वैशाखात आपल्याकडचं ऊन माणसाला उभं जाळतं, आणि तापलेल्या रुळांवरची हवा लवलवते त्यामुळं फोटोही चांगले येत नाहीत. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा.

जीव आधी

यात तडजोड नाही. रुळांवर आणि रुळांलगत जायचं नाही. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. ती वीज स्पर्श न होताही ओढून घेते, म्हणून पादचारी पुलावर सेल्फी-स्टिक, छत्री, पतंगाचा मांजा यातलं काहीही वर करायचं नाही. विजेची गाडी अगदी जवळ येईपर्यंत फारसा आवाजही करत नाही. ज्याला अल्कोच्या धडधडाटाची सवय आहे, तोच इथं फसतो. ड्रोन उडवायचं नाही. रात्री फ्लॅश मारायचा नाही, लोको पायलटच्या डोळ्यांवर तो चमकतो. स्टेशन मास्तरांना आधी भेटा, काय करणार आहात ते सांगा. मला आजवर बहुतेकांनी आनंदानं "बसा" म्हटलंय, आणि ज्या एका ठिकाणी नाही म्हटलं तिथून मी मुकाट्यानं निघून आलो.

जुन्या स्टेशनावर काय शोधायचं

गाडी नसतानाही स्टेशन वाचता येतं. जुन्या प्लॅटफॉर्मच्या छपराला किंवा कुंपणाला आधार म्हणून उभे केलेले रूळ बघा. रुळाच्या उभ्या पोटावर उठावदार अक्षरं असतात: बनवणाऱ्याचं नाव, वजनाचा आकडा, वर्ष. गंजाखाली ती दिसली नाहीत तर कागद ठेवून वर पेन्सिल घासा, अक्षरं उमटतात. आपल्याकडं जुन्या घरांच्या छतालाही असे रूळ सापडतात. माझ्या एका विद्यार्थ्यानं स्वतःच्या आजोबांच्या गोठ्यात तसला रूळ शोधून काढला आणि पुढचे चार दिवस सगळा वर्ग गोठे धुंडाळत होता.

लोखंडी नळखांब दिसतो का ते बघा. हत्तीच्या सोंडेसारखा वाकलेला, इंजिनाच्या टाकीत पाणी भरायचा तो खांब असतो. जवळच दगडी चौथऱ्यावर पाण्याची टाकी असू शकते. रुळांमधला लांबट खड्डा दिसला तर तो राख पाडायचा.

आपल्या बोलण्यातही खुणा उरल्यात. आजही लोक "सिग्नल पडला, चला" म्हणतात, आणि दिव्याचा सिग्नल काही पडत नाही. खांबावरच्या हलत्या हाताचा सिग्नल होता तेव्हा हात आडवा म्हणजे थांब आणि हात खाली पडला म्हणजे जा. तो हात निघून गेला तरी भाषेत अजून पडतो आहे. रुळांकडेच्या पिवळ्या पाटीवर "सी/फा" लिहिलेलं असतं. ते ड्रायव्हरसाठी असतं: पुढं फाटक आहे, सीटी वाजव. लेकरांना पाटी आधी दाखवा, मग भोंगा ऐकू द्या. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं.

वाफेच्या इंजिनासमोर उभं राहायचं कसं

यासाठी मराठवाड्याबाहेर जावं लागेल. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. नांदेड-हिंगोलीकरांना ते एका सुट्टीत जमतं. दिल्लीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे आणि हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं चालू ठेवली आहेत. १८५५ मध्ये बनलेली फेअरी क्वीनही त्याच परंपरेतली. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस दिल्लीवरूनच जाते, तेव्हा अमृतसरच्या यात्रेत एक दिवस यासाठी ठेवा. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. लहान मुलं असतील तर आधी तिथंच जा.

इंजिनासमोर गेलात की घाईनं फोटो काढून पुढं जाऊ नका. मागून, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूनं सुरुवात करा. भट्टीचं तोंड बघा. तिथून आगीचा झोत बॉयलरच्या नळ्यांतून पुढं जातो आणि भोवतीच्या पाण्याची वाफ होते. वाफ सिलिंडरात जाते, दट्ट्या ढकलते, दांडा चाक फिरवतो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. खरी अक्कल पुढं आहे. काम झालेली वाफ वाया जात नाही. ती धुराड्यातून जोरानं वर सोडतात आणि तिच्याबरोबर भट्टीतला धूर ओढला जातो, म्हणून भट्टीत नवी हवा शिरते. इंजिनावर ओझं जितकं जास्त तितके फुत्कार जोराचे, फुत्कार जोराचे तितकी आग तेज, आग तेज तितकी वाफ जास्त. चढावर इंजिन आपली भूक आपणच भागवतं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणाला तरी हे सुचलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता ठोके मोजायचं गणित. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार होतात. वायपीचं चालक चाक साडेचार फूट व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ४.३ मीटर. ताशी ४० किलोमीटरला सेकंदाला दहा ठोके होतात आणि कानाला ते मोजता येत नाहीत, नुसता सलग धडधडाट ऐकू येतो. स्टेशनातून निघताना मात्र एकेक सुटा ऐकू येतो. मामा याच ठोक्यांवरून सांगायचे. ठोका जड आणि सावकाश असला की मागं वजन आहे हे उघड होतं.

निघताना चाकांजवळून दोन्ही बाजूंना वाफेचे फवारे सुटायचे, ते शोभेसाठी नव्हते. उभ्या इंजिनात वाफेचं पाणी होऊन सिलिंडरात साचतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून ते बाहेर काढलं नाही तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. त्यासाठी खालच्या तोट्या उघडायच्या. हे समजलं की जुने व्हिडिओ बघायची नजरच बदलते.

म्हाताऱ्या माणसांकडं जा, लवकर जा

आपल्याकडचं सगळ्यात मोठं संग्रहालय माणसांच्या डोक्यात आहे. वाफेवर फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारा) म्हणून चढलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढं गेलीत. भारतात ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची सेवा १९९५ च्या अखेरीला संपली. म्हणजे ज्यांनी फावडं हातात धरलं त्यांची शेवटची पिढी आपल्यासमोर आहे. पूर्णा, परळी, नांदेड, लातूर, कुर्डुवाडी इथल्या रेल्वे वस्त्यांमध्ये त्यांच्या घरचे सापडतील.

जाताना इंजिनांचे दोन-चार छापील फोटो न्या. मोबाइलवरचे त्यांना नीट दिसत नाहीत. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी विचारा. "तुमच्या काळी कसं होतं?" असा मोघम प्रश्न विचारला की उत्तरही मोघम येतं. हाताशी जोडलेले प्रश्न विचारा. फावडं कसं धरायचात? कोळसा भट्टीत कुठं टाकायचात, कडेला की मध्ये? धूर काळा निघाला की ड्रायव्हर काय म्हणायचा? टोकनचा, म्हणजे पुढच्या एकेरी रुळावर जायच्या परवानगीचा, गोळा चालत्या गाडीत कसा घ्यायचात? डबा काय असायचा आणि गरम कशावर करायचात? शेवटच्या प्रश्नावर सगळे हसतात आणि मग खऱ्या गप्पा सुरू होतात. घरातल्या बाईमाणसांनाही विचारा. कोळशानं काळे झालेले कपडे कोण धूत होतं, रात्रपाळीला किती वाजता उठून भाकरी थापावी लागायची, हे त्यांनाच माहीत असतं, आणि ते आजवर जवळजवळ कुणीच लिहून घेतलेलं नाही.

एका बैठकीत तासभरापेक्षा जास्त बसू नका. पुन्हा या म्हणतील, तेव्हा पुन्हा जा. घेतलेलं ध्वनिमुद्रण त्यांच्या नातवंडांना नक्की द्या.

गेल्या हिवाळ्यात मी पूर्णेच्या एका जुन्या फायरमन काकांकडं गेलो होतो. सोबत माझी भाची होती, नऊ वर्षांची. ऐकायला त्यांना कमी येतं, म्हणून मुलानं बजावलं होतं की जरा मोठ्यानं बोला. मी एका जुन्या मीटरगेज इंजिनाचं मुद्रण छोट्या स्पीकरवर लावलं आणि त्यांच्या कानाजवळ धरलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग मान हलवून म्हणाले, "सर, हे रिकामं हाय. मागं गाडी न्हाई ह्येच्या." मी मुद्रणाखालची माहिती उघडून बघितली. शेडकडं परतणारं एकटं इंजिन होतं.

भाचीनं स्पीकर माझ्या हातातून घेतला, तो पुन्हा लावला आणि त्यांच्या खाटेजवळ मांडी घालून बसली. "आजोबा," तिनं विचारलं, "कशावरनं कळलं?"

काकांनी तिचा हात धरला आणि तिच्या तळहातावर बोटानं ठोके द्यायला सुरुवात केली.